कुष्ठरोगातील रिअ‍ॅक्शनवर औषधोपचार : नसा तपासण्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत

कुष्ठरोगाच्या रुग्णाचे चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले किंवा अंगावर दुखऱ्या गाठी उठून ताप भरला, की तीन चुका हमखास घडतात. ‘गोळ्या सोसल्या नाहीत’ असे समजून रुग्ण एमडीटीचे (कुष्ठरोगाच्या जंतूंवरील अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचे) पाकीट बाजूला ठेवतो. उपचार करणारा नसा न तपासताच प्रेडनिसोलोन हे दाह उतरवणारे स्टिरॉइड लिहून देतो. आणि तीन-चार आठवड्यांनी चट्टे बसलेले पाहून प्रेडनिसोलोनही बंद होते. तिन्ही चुकांची भरपाई रुग्णाला वाकड्या बोटांनी, लोंबणाऱ्या पावलाने किंवा न मिटणाऱ्या डोळ्याने करावी लागते. म्हणून औषधांची माहिती येथे ज्या क्रमाने ती वापरायची त्याच क्रमाने दिली आहे. हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, कुष्ठरोग तंत्रज्ञ आणि आशा सेविका यांच्यासाठी आहे, तसेच घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठीही आहे. औषधाची मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवायची आहे. येथील आकडे वाचून कोणी स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत.

‘नस’ हा शब्द येथे क्षेत्रीय कामात वापरतात त्या अर्थाने, म्हणजे मज्जातंतूसाठी, वापरला आहे.

टप्पा १ : ही खरोखर रिअ‍ॅक्शनच आहे ना, हे आधी ठरवा

रिअ‍ॅक्शन म्हणजे रोग वाढणे नव्हे आणि औषध निकामी ठरणेही नव्हे. शरीरातील जिवंत, मृत आणि तुटलेल्या जंतूंविरुद्ध प्रतिकारशक्ती एकदम खवळते आणि त्या दाहात त्वचा, नसा व काही वेळा डोळेही सापडतात. रिअ‍ॅक्शन उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा तो पूर्ण झाल्यावरही येऊ शकते. ती कोणत्या प्रकारची आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दोन प्रकारांची औषधे काही अंशी वेगळी आहेत.

पहिल्या प्रकारात जुनेच चट्टे लाल, उंच आणि गरम होतात, कधी त्यांच्यावर साल सुटते आणि हातापायांवर किंवा चेहऱ्यावर सूज येते. ताप सहसा नसतो किंवा किरकोळ असतो. हा प्रकार सीमावर्ती अवस्थेतील, म्हणजे कमी जंतूंचा आणि भरपूर जंतूंचा या रोगाच्या दोन टोकांमधल्या, रुग्णांत आढळतो आणि एमडीटीच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याचे प्रमाण अधिक असते.

दुसऱ्या प्रकारात जुने चट्टे आहेत तसेच राहतात. चेहरा, दंड, हात आणि मांड्यांवर नव्या, गुलाबी-लाल, हात लावताच दुखणाऱ्या गाठी झुंडीने उठतात. काही दिवसांत त्या बसतात आणि पुन्हा दुसरीकडे येतात. सोबत ताप, अंगदुखी आणि सांधेदुखी असते, आणि काहींचे डोळे लाल होतात, वृषण सुजते किंवा लसिकाग्रंथी वाढतात. शरीरात जंतूंची संख्या फार मोठी असलेल्या रुग्णांना हा प्रकार होतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा उलटतो.

ओळखण्याची सोपी कसोटी अशी : बोट जुन्या चट्ट्यावर ठेवले आणि तोच सुजलेला असेल, तर पहिला प्रकार. चांगल्या दिसणाऱ्या कातडीत नवी दुखरी गाठ हाताला लागली, तर दुसरा.

रिअ‍ॅक्शनसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी येथेच बाजूला काढाव्यात. एमडीटी सुरू केल्यापासून साधारण तीन ते सहा आठवड्यांत ताप, अंगभर खाजरे पुरळ, सुजलेल्या ग्रंथी आणि कावीळ दिसली, तर ती एमडीटीतील डॅप्सोन या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. अशा वेळी डॅप्सोन त्याच क्षणी थांबवून रुग्णाला रुग्णालयात पाठवावे आणि ते पुन्हा कधीही देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे रोग उलटणे. उपचार संपून तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हळूहळू नवे चट्टे आले, तर रोग उलटल्याचा संशय घ्यावा. याउलट उपचारानंतरच्या तीन वर्षांत एकाएकी जुने चट्टे सुजले, तर ती बहुधा उशिरा आलेली रिअ‍ॅक्शन असते.

सावधान : डॅप्सोनच्या अ‍ॅलर्जीसारखा अपवाद वगळता रिअ‍ॅक्शनमध्ये एमडीटी थांबवू नये. रुग्ण उपचार घेत असेल तर रिअ‍ॅक्शनची औषधे आणि एमडीटी दोन्ही बरोबरच चालतात. एमडीटी पूर्ण झालेली असेल तर केवळ रिअ‍ॅक्शन आली म्हणून ती नव्याने सुरू करण्याची गरज नसते. हे रुग्णाला एकदा सांगून भागत नाही. त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत त्याच्याशी बोलावे.

टप्पा २ : औषध लिहिण्याआधी नसा तपासून नोंद करा

सर्वांत जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते, आणि माझ्या मते सारा उपचार यावरच उभा असतो. सुरुवातीची नोंद नसेल तर पंधरा दिवसांनी नस सुधारली की बिघडली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग मात्रा चट्ट्यांच्या रंगावरून ठरू लागते. चट्टा लवकर फिका पडतो. नस सावकाश सावरते.

प्रथम नसा हाताने चाचपाव्यात. रुग्णाचा कोपर थोडा वाकवून आपल्या तळहातावर विसावू द्यावा आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागील खोबणीत बोटांची पेरे हलकेच फिरवावीत. चाचपताना नसेकडे पाहू नये, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे. शब्दाने तो ‘दुखत नाही’ म्हणत असला तरी नस दुखरी असेल तर पापणी लवते आणि खांदा मागे जातो. दोन्ही बाजूंची तुलना करत गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतल्या बाजूमागची, मनगटाजवळची आणि मानेवरची नसही पाहावी.

त्यानंतर स्नायूंची शक्ती तपासावी. डोळे घट्ट मिटायला सांगावे, करंगळी बाहेरच्या बाजूला ताणायला सांगावी, हात उताणा ठेवून अंगठा आकाशाकडे उचलायला सांगावा, मनगट वर उचलायला सांगावे आणि पाऊल वर ओढायला सांगावे. प्रत्येक हालचालीला आपण विरोध द्यावा आणि सशक्त, अशक्त किंवा लुळा अशी नोंद करावी.

शेवटी संवेदना तपासावी. नायलॉनचा तंतू नसेल तर बॉलपेन चालते, पण पद्धत नीट हवी. पेन टेकवून कातडीत जेमतेम खळगा पडेल इतकेच दाबावे, ओढू नये. आधी रुग्णाच्या उघड्या डोळ्यांसमोर एकदा करून दाखवावे, मग डोळे मिटायला सांगून तळहात व तळपायाच्या ठरलेल्या जागी स्पर्श करावा आणि त्याला ती जागा बोटाने दाखवायला सांगावी. घट्टा पडलेल्या जागी पेन टेकवले तर निष्कर्ष चुकतो.

नव्याने शक्ती एका पायरीने कमी झाली असेल किंवा दोन वा अधिक जागी संवेदना गेली असेल, तर नस बाधित झाली असे धरावे. हे बदल सहा महिन्यांच्या आतले असतील तर स्टिरॉइडने सुधारण्याची आशा चांगली असते. म्हणून ‘कधीपासून?’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर तारखेसह लिहावे. तारीख आठवत नसेल तर पेरणी, पोळा, दिवाळी असा काही संदर्भ घ्यावा. ‘पोळ्याच्या दिवशी बैलाचे दावे बांधताना बोटे आवळेनात’ असे कोणी सांगितले, तर हीच नोंद ‘दोन-तीन महिन्यांपासून’पेक्षा शंभर पटींनी मोलाची असते.

सावधान : काही रुग्णांत चट्टा सुजत नाही, नस दुखतही नाही, तरी ती गुपचूप निकामी होत जाते. तपासणीखेरीज हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. म्हणून तक्रार नसली तरी एमडीटी घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी ठराविक अंतराने व्हावी.

टप्पा ३ : स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वीची तयारी

प्रेडनिसोलोन हे येथील मुख्य औषध असले तरी आठवड्यांच्या हिशेबाने ते द्यायचे असल्यामुळे शरीरात दडलेली दुखणी त्याच्या आडून डोके वर काढतात. पहिली गोळी देण्यापूर्वी वजन, रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे असेल, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. जंतांसाठी ४०० मि.ग्रॅ. अल्बेंडाझोलची एक मात्रा द्यावी. पोटातील अल्सर, मोतीबिंदू, काचबिंदू, मानसिक आजार आणि पूर्वी घेतलेले स्टिरॉइड यांची चौकशी करावी. पायाच्या जखमा उघडून पाहाव्यात, कारण स्टिरॉइड चालू असताना जखमेतील संसर्ग झाकला जातो आणि आतून पसरतो. बाळंतपणाच्या वयातील स्त्रीला पाळीची तारीख विचारावी. पुढे थॅलिडोमाइड किंवा मेथोट्रेक्सेटचा (टप्पा ७ मधील औषधे) विचार झाला, तर हीच माहिती निर्णायक ठरते.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असला म्हणून नस वाचवणारा उपचार नाकारू नये, पण असा रुग्ण जिल्हा पातळीवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावा. गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले आणि क्षयरोगाचा संशय असलेले रुग्ण यांनाही तसेच पाठवावे.

पडताळा : रुग्णाला विचारावे, ‘याआधी कोणती सुई किंवा पांढऱ्या बारीक गोळ्या कोणी दिल्या होत्या का?’ अनेकांनी मेडिकलमधून डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन घेतलेले असते. सुमारे पाऊण मि.ग्रॅ. डेक्सामिथासोन ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते, त्यामुळे दिसायला क्षुल्लक वाटणारी गोळी जमेस धरली नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

टप्पा ४ : सौम्य की तीव्र, हे ठरवा

नसा चांगल्या आहेत, चट्टे थोडेच लाल आहेत, चेहऱ्यावर चट्टा नाही, डोळे व वृषण ठीक आहेत आणि ताप नाही, अशा वेळी जेवणानंतर अ‍ॅस्पिरिन किंवा पॅरासिटामॉल, विश्रांती आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी एवढे पुरते. अल्सर किंवा दमा असलेल्याला अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल, तर रिअ‍ॅक्शन तीव्र धरावी : नस दुखरी असणे किंवा तिचे काम नव्याने घटणे, डोळा लाल होणे किंवा दुखणे, चेहऱ्यावर किंवा नसेच्या वाटेवर सुजलेला चट्टा असणे, हातपाय सुजणे, चट्टे किंवा गाठी फुटून जखम होणे, तापासह गाठींच्या झुंडी येणे, वृषण सुजणे. डोळ्याजवळचा आणि गालावरचा लाल चट्टा दिसायला किरकोळ असला, तरी पापणी बंद करणारी नस त्याच्याखालून जाते. त्याला सौम्य समजणे फार महाग पडते.

टप्पा ५ : प्रेडनिसोलोनची मात्रा आणि उतरंड

प्रौढ रुग्णासाठी रोज ४० मि.ग्रॅ.पासून सुरुवात करण्याची पद्धत आपल्या कुष्ठरोग कार्यक्रमात रूढ आहे. वजन पाहून मात्रा किलोला १ मि.ग्रॅ.च्या आसपास नेता येते, पण ६० मि.ग्रॅ.च्या वर जाऊ नये. सगळ्या गोळ्या सकाळी एकदम, न्याहारीनंतर घ्याव्यात. रात्री घेतल्यास झोप उडते आणि रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला त्रास होतो.

नस बाधित नसलेल्या रिअ‍ॅक्शनसाठी १२ आठवड्यांची उतरंड, म्हणजे मात्रा पायरीपायरीने कमी करण्याचा क्रम, अशी असते : पहिले दोन आठवडे ४०, पुढचे दोन ३०, मग दोन-दोन आठवडे २०, १५, १० आणि ५ मि.ग्रॅ. नस बाधित असेल तर ४० आणि ३० मि.ग्रॅ. प्रत्येकी दोन आठवडे देऊन २०, १५, १० आणि ५ मि.ग्रॅ. प्रत्येकी चार आठवडे चालवतात, म्हणजे एकूण २० आठवडे होतात. भारतासह काही देशांत झालेल्या चाचणीत उपचार २० ऐवजी ३२ आठवडे लांबवल्याने नसांना अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. त्यामुळे कालावधी वाढवण्यापूर्वी कारण तपासावे.

गोळ्यांचा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवावा, कारण मध्येच साठा संपणे हे उतरंड तुटण्याचे मोठे कारण आहे. ५ मि.ग्रॅ.ची गोळी धरली, तर १२ आठवड्यांसाठी ३३६ आणि २० आठवड्यांसाठी ४७६ गोळ्या लागतात. पहिल्या पंधरवड्यात रोज आठ, दुसऱ्यात सहा, मग चार, तीन, दोन, एक असे सांगितले, तर निरक्षर रुग्णालाही क्रम लक्षात राहतो. ५, १० आणि २० मि.ग्रॅ.च्या गोळ्या एकाच वेळी हातात दिल्या, तर घोळ ठरलेलाच असतो. म्हणून मी एकाच ताकदीच्या गोळ्या देण्याच्या बाजूचा आहे, जरी मूठभर गोळ्या पाहून रुग्ण पहिल्या दिवशी बिचकतो.

सावधान : तीन-चार आठवड्यांहून अधिक चाललेले प्रेडनिसोलोन एकदम थांबवू नये. शरीर स्वतःचे स्टिरॉइड तयार करणे मंदावलेले असते, आणि अचानक बंद केल्यास उलटी, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब घसरणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. नवरात्र, श्रावणी सोमवार किंवा रोजा असेल, तर ‘उपवासाला गोळी नको’ हा समज आधीच बोलून दूर करावा. उपवासाचे पदार्थ खाऊन गोळी घेता येते. रोजा धरणाऱ्याने सहरीनंतर गोळी घ्यावी आणि तेही जमणार नसेल तर डॉक्टरांशी बोलावे.

टप्पा ६ : दर पंधरवड्याला तपासा, मग मात्रा बदला

उतरंडीच्या प्रत्येक पायरीपूर्वी टप्पा २ मधील संपूर्ण तपासणी पुन्हा करून आधीच्या नोंदीशेजारी नोंद करावी. नस स्थिर किंवा सुधारत असेल तर पुढची पायरी घ्यावी. शक्ती किंवा संवेदना घटली असेल तर मात्रा कमी न करता आधीच्या प्रभावी पायरीवर परत जावे आणि तज्ज्ञांना कळवावे. चार आठवडे पूर्ण मात्रा देऊनही नस सुधारत नसेल, तर रुग्णाला पुढच्या स्तरावर पाठवावे. नसेत गळू झाले असेल किंवा ती आतून आवळली असेल, तर शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

याच भेटीत साखर, रक्तदाब, वजन, पायाची सूज, पोटदुखी, काळी शौच, झोप, चिडचिड, नजर आणि जखमा पाहाव्यात. ताप आला तर तो रिअ‍ॅक्शनचा आहे की संसर्गाचा, हे शोधल्याशिवाय मात्रा वाढवू नये. वेदनाशामक गोळ्या आणि प्रेडनिसोलोन दीर्घकाळ एकत्र चालवू नयेत, जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

रुग्णाने मध्येच गोळ्या सोडल्या असतील तर रागावू नये. रागावले की पुढच्या वेळी तो खोटे सांगतो. किती दिवस सोडल्या ते विचारून नसा तपासाव्यात आणि पुन्हा कोणत्या पायरीपासून सुरुवात करायची हे डॉक्टरांनी ठरवावे. ज्या दिवशी सोडले त्याच कमी मात्रेपासून आपोआप पुढे जाणे ही नेहमीची चूक आहे.

पडताळा : कार्तिक उजाडला की ऊसतोडीचा किंवा मिरचीतोडीचा हंगाम जवळ येतो, आणि रुग्ण गाव सोडून साखर कारखान्याच्या तळावर किंवा तेलंगणात जातो. निघण्यापूर्वी उरलेल्या सर्व पायऱ्यांच्या गोळ्या, तारखा लिहिलेले कार्ड आणि तेथील आरोग्य केंद्रासाठी पत्र देता येते का, हे पाहावे. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन ‘परत या’ म्हटले, तर तो परत येत नाही. दोष त्याचा नसतो, तोडीचा मुकादम त्याला सुट्टी देत नाही.

टप्पा ७ : दुसऱ्या प्रकारात स्टिरॉइडच्या जोडीला काय द्यावे

गाठींच्या रिअ‍ॅक्शनमध्ये प्रेडनिसोलोन पटकन आराम देते, पण मात्रा २०-१५ मि.ग्रॅ.वर आली की गाठी पुन्हा उठतात, पुन्हा मात्रा वाढते, आणि वर्षभरात रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून होतो. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून दुसऱ्या वेळेस गाठी उलटल्या की स्टिरॉइड कमी करता येईल असे औषध जोडावे. त्याआधी दातांचा संसर्ग, लघवीचा संसर्ग, हिवताप, गर्भधारणा यांसारखी रिअ‍ॅक्शनला चेतवणारी कारणे शोधावीत. ती राहिली तर कोणतेही औषध पुरे पडत नाही.

क्लोफाझिमाइन. एमडीटीमध्ये हे औषध रोज ५० मि.ग्रॅ. असतेच, पण गाठींसाठी त्याची मोठी मात्रा लागते : १०० मि.ग्रॅ. दिवसातून तीन वेळा जास्तीत जास्त १२ आठवडे, मग दोन वेळा १२ आठवडे आणि नंतर एकदा १२ ते २४ आठवडे. ही मोठी मात्रा एकूण वर्षभरापेक्षा जास्त चालवू नये. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला प्रेडनिसोलोन सोबत असावेच आणि ते हळूहळू उतरवावे. त्वचा तांबूस-काळपट आणि कोरडी होते. औषध बंद झाल्यावर रंग परत येतो, पण त्यासाठी अनेक महिने जातात. हे आधी सांगितले नाही तर लग्नसराईत रुग्ण औषध गुपचूप सोडतो, आणि गाठी परत येतात. पोटात जोराचे दुखू लागले तर कॅप्सूल थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण या औषधाचे स्फटिक आतड्यात साठू शकतात. पहिल्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनसाठी किंवा तातडीने नस वाचवण्यासाठी हे औषध उपयोगाचे नाही.

थॅलिडोमाइड. गाठी आणि ताप यांवर इतक्या झपाट्याने काम करणारे दुसरे औषध नाही. अनेकांना दोन-तीन दिवसांतच फरक पडतो. मात्रा साधारण १०० ते ३०० मि.ग्रॅ. असते, ती रात्री झोपताना घेतात आणि आराम पडल्यावर हळूहळू कमी करतात. पहिल्या प्रकारात याचा उपयोग होत नाही. नस किंवा डोळा बाधित असेल तर हे एकटे पुरत नाही, प्रेडनिसोलोन लागतेच.

या औषधाचा धोका पोटातील बाळाला आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीला एकच गोळी पोटात गेली तरी बाळाचे हातपाय खुंटू शकतात. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला हे देऊ नये. इतर कोणताच उपाय उरला नसेल तेव्हाच, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वारंवार गर्भचाचणी करून व दोन गर्भनिरोधक साधने चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत वापरण्याच्या अटीवर त्याचा विचार करता येतो. एमडीटीतील रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, म्हणून केवळ त्या गोळ्यांवर विसंबून हे औषध देऊ नये. पुरुषाच्या वीर्यातही औषध उतरते. म्हणून त्याने निरोध वापरावा आणि औषध चालू असताना व नंतर चार आठवडे रक्तदान करू नये.

सावधान : थॅलिडोमाइडच्या गोळ्या शेजारच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या हाती जाऊ नयेत. ‘याच दुखण्याला लागू पडतात’ म्हणून वाटून घेतलेली एक गोळीही घात करते. उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्याव्यात.

प्रेडनिसोलोन आणि थॅलिडोमाइड एकत्र असताना पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पिंढरी सुजणे किंवा अचानक दम लागणे ही तातडीची लक्षणे आहेत. हे औषध स्वतःही नसा बधिर करते, त्यामुळे पंधरवड्याची तपासणी चुकली तर बधिरता रोगाची की औषधाची, हे ठरवता येत नाही.

मेथोट्रेक्सेट आणि इतर. वारंवार उलटणाऱ्या गाठींसाठी तज्ज्ञ मेथोट्रेक्सेट वापरतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटून मृत्यूही ओढवू शकतो. वार ठरवून तो कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी द्यावे. डॅप्सोनही रक्तावर परिणाम करत असल्याने रक्ततपासणी आणि यकृताची चाचणी नियमित व्हायला हवी. पेंटॉक्सिफायलिन, मिनोसायक्लिन, अझाथायोप्रिन यांचेही प्रयोग झाले आहेत, पण आरोग्य केंद्राच्या पातळीवर त्यांच्यावर भिस्त ठेवावी असे नाही.

टप्पा ८ : गोळ्यांबरोबरची काळजी

दुखऱ्या नसेला विश्रांती हवी. कोपराची नस दुखत असेल तर कापूस किंवा जुन्या कापडाची घडी देऊन हात फळीच्या आधाराने बांधावा. झोपताना कोपर फार वाकू देऊ नये आणि वजन उचलू नये. दाह उतरला की रोज थोडा व्यायाम सुरू करावा, नाहीतर बोटे आखडतात.

डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर धूसर झाली असेल, तर तोच दिवस नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याचा आहे. बाहुली रुंद ठेवणारे अ‍ॅट्रोपिन आणि स्टिरॉइडचे थेंब त्यांच्या सल्ल्याने सुरू करावेत. बाहुलीमागे चिकटे झाले, तर दृष्टी परत मिळवणे अवघड असते. वृषण सुजले असेल तर विश्रांती आणि लंगोटाचा आधार द्यावा.

नस बरी झाल्यानंतरही काहींना जळजळ, मुंग्या आणि टोचणारी वेदना राहते. तपासणीत शक्ती व संवेदना स्थिर असतील, तर ती वेदना रिअ‍ॅक्शनची नाही. तिला स्टिरॉइड न देता अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधे डॉक्टर देतात. हा फरक न केल्यामुळे कित्येक रुग्ण विनाकारण महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेत राहतात.

टप्पा ९ : शेवटची गोळी आणि त्यानंतर

५ मि.ग्रॅ.ची शेवटची गोळी घेतल्याच्या दिवशी स्नायू व संवेदना तपासून ती नोंद कार्डावर स्वतंत्र लिहावी. महिन्याभराने आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. रिअ‍ॅक्शन उलटण्याचा धोका एमडीटी संपल्यानंतरही दोन-तीन वर्षे राहतो. स्टिरॉइड थांबल्यापासून काही महिने शस्त्रक्रिया, मोठा अपघात किंवा तीव्र ताप आल्यास ‘मी वीस आठवडे प्रेडनिसोलोन घेतले आहे’ असे रुग्णाने तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या प्रसंगी शरीराला बाहेरून स्टिरॉइडची गरज पडू शकते.

निरोप देताना रुग्णाला पाच लक्षणे सांगावीत आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यावीत : चट्टा लाल होणे, गाठी उठणे, हातापायांत नवी बधिरता किंवा अशक्तपणा, कोपर-गुडघ्याजवळ ठणका, डोळा लाल होणे. यातील एकही दिसले तर घरातील उरलेल्या गोळ्या न घेता दोन दिवसांच्या आत त्याने आरोग्य केंद्रात यावे, आणि येताना जुने कार्ड बरोबर आणावे.